मांजरीला हाकलू नका : शेरू आणि कूलरमधल्या मांजरीचं प्रकरण

घरच्या कुत्र्याचं आणि बाहेरच्या मांजरीचं भांडण झालं की घरात आधी आवाज येतो, ‘रक्त कुठून येतंय बघा’, आणि लगेच दुसरा, ‘त्या मांजरीला हाकला आधी.’ पहिलं बोलणं बरोबरच आहे. दुसऱ्यापायी किती नुकसान होऊ शकतं हे लोकांना माहीत नसतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मी नागपुरात पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवते. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. जखमा, उपचार आणि निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत.

घर नागपूरच्या दक्षिण-पश्चिम भागातलं, खाली-वर बांधलेलं, मागे पत्र्याची शेड. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नववीतला नातू. शेरू सहा वर्षांचा, आठ किलोचा, पांढऱ्याशुभ्र दाट केसांचा पामेरियन. रेबीजची लस दरवर्षी घेतलेली, पण शेवटच्या लसीची मुदत संपून काही महिने उलटले होते. आपल्याकडे लस चुकते ती बहुतेक अशीच. पहिली तीन-चार वर्षं कार्डावर तारखा नीट लागतात, मग कुत्रा ‘मोठा झाला’ म्हणून कार्ड कपाटात जातं.

होळी तोंडावर आली होती. नागपुरात होळीच्या आसपास घरोघरी कूलर बाहेर निघतात. यांचा पत्र्याचा मोठा कूलर दिवाळीनंतर जुनी चादर टाकून शेडमध्ये ठेवलेला. सूनबाई वाळ्याच्या ताट्या बदलायच्या म्हणून चादर काढायला गेल्या, शेरू नेहमीप्रमाणे त्यांच्या पुढे. कूलरच्या मागच्या बाजूची एक ताटी निघालेली होती आणि त्या फटीतून आत जाऊन एका पट्टेरी मांजरीने पिल्लं घातली होती. शेरूने फटीत नाक घातलं आणि मांजरीने त्याच्या तोंडावर झेप घेतली. सूनबाईंनी शेरूचा पट्टा धरून ओढायला हात घातला, तर मनगटावर नखं बसली आणि अंगठ्याच्या मुळाशी एक दात रुतला. आजोबांनी मोरीतली बादली उचलून दोघांवर पाणी फेकलं. शेरू सुटला तो थेट दिवाणाखाली. मांजर पळाली नाही, ती परत कूलरमध्ये शिरली.

हा शेवटचा तपशील आजोबांनी मला फोनवर सहज सांगितला, पण माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा तोच होता. त्यांचं मुख्य म्हणणं वेगळंच होतं : “डॉक्टर, मांजर पिसाटली वाटते. शेरूवर धावून आली, सूनबाईलाही सोडलं नाही. बाजूचे म्हणून राहिले का पोत्यात घालून अंबाझरी तलावाकडे सोडून येतो. देऊ का सोडून?”

मी नाही म्हटलं. का, ते पुढे येईलच.

आधी माणूस

मी प्राण्यांची डॉक्टर असले तरी अशा फोनवर माझा पहिला प्रश्न माणसाच्या हाताबद्दल असतो. सूनबाईंनी जखमेवर हळद दाबून धरली होती. ती धुवायला लावली. नळ सुरू, साधा अंगाचा साबण, आणि घड्याळ लावून १५ मिनिटं. लोक अर्ध्या मिनिटात हात धुऊन उठतात, आणि तिथेच घोळ होतो. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं. भरपूर पाणी आणि भरपूर वेळ मिळाला तर जखमेतला विषाणू शरीरात शिरण्याआधीच मोठ्या प्रमाणात नष्ट होतो. हळद, चुना, तिखट, तेल यांनी ते होत नाही. उलट जखम आणखी चिडते आणि धुणं राहून जातं. जखम घट्ट बांधायची नाही, शक्यतो टाकाही घालायचा नाही.

त्यानंतर कुटुंब जवळच्या एका खासगी दवाखान्यात गेलं. तिथे टीटीचं इंजेक्शन दिलं आणि ‘मांजरीचं नख लागलंय, कुत्रा थोडीच चावला’ म्हणून घरी पाठवलं. असं होतं, कारण माणसांमध्ये रेबीज पसरतो तो जवळजवळ सगळा कुत्र्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ९९ टक्क्यांपर्यंत आहे. पण उरलेल्यांत मांजर आहेच. मांजर दिवसभर पंजे चाटते, त्यामुळे तिच्या नखांवर लाळ असते. जखमेचे तीन वर्ग आहेत आणि त्यात भेद ‘चावली की ओरबाडली’ असा केलेला नाही. कातडी नुसती खरचटली, रक्त आलं नाही, तर दुसरा वर्ग. कातडी भेदून रक्त आलं, मग ते दाताने असो की नखाने, तर तिसरा वर्ग. तिसऱ्या वर्गात लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचावं लागतं, कारण लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात आणि मधल्या काळाची भिस्त सीरमवर असते. ते पहिल्याच दिवशी घ्यावं. राहिलंच, तर पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, नंतर नाही.

आजोबांनी पुन्हा फोन केला तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं की सूनबाईंना आजच्या आज मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी एकात न्या. तिथे ही लस मोफत मिळते. त्या संध्याकाळीच मेडिकलला गेल्या. कातडीत घ्यायच्या लसीचं वेळापत्रक ठरलं : ०, ३, ७ आणि २८ वा दिवस. सीरमही त्याच दिवशी मिळालं. अंगठ्याजवळच्या दाताच्या खुणेसाठी तिथल्या डॉक्टरांनी प्रतिजैविकही सुरू केलं. ती खूण तिळाएवढी दिसत होती, पण मांजरीचे सुळे सुईसारखे बारीक आणि लांब असतात. हाताच्या सांध्यापर्यंत किंवा स्नायूबंधापर्यंत जंतू पोचवतात आणि वरची कातडी लगेच मिटते. हात १२ ते २४ तासांत सुजला, बोट वाकवताना ठणकलं किंवा जखमेपासून वर लाल रेघ निघाली तर थांबायचं नाही. सूनबाईंना दुसऱ्या दिवशी थोडी सूज आली, औषधाने ती उतरली.

भांडण सोडवताना हात घालणं जवळजवळ प्रत्येक घरात होतं. जीव लावलेला कुत्रा ओरडत असतो, हात आपोआप जातो. पण त्या क्षणी कुत्राही समोर कोण आहे ते बघत नाही. आपल्याच माणसाला चावतो. आजोबांनी फेकली ती पाण्याची बादली सगळ्यात चांगली. ती हाताशी नसेल तर दोघांच्या मध्ये पाट, खुर्ची, सुपडं, जे सापडेल ते आडवं धरायचं, किंवा जाड चादर मांजरीवर टाकायची. आणि मांजरीला पळायला वाट मोकळी ठेवायची. कोपऱ्यात सापडलेली मांजर थांबत नाही.

शेरूच्या जखमा

शेरूला माझ्याकडे आणलं तेव्हा घरच्यांना त्याच्या नाकावरचा एकच ओरखडा दिसला होता. नाकावर रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे रक्त खूप येतं, छाती धडधडते, पण ती जखम बहुतेक वेळा साधी निघते. मला काळजी होती ती न दिसणाऱ्या जखमांची. पामेरियनच्या केसांत बोट पहिल्या पेरापर्यंत बुडतं. नुसतं बघून काही कळत नाही. मी हातमोजे घालून मानेपासून बोटांनी चाचपत गेले. पट्ट्याच्या खाली, डाव्या कानामागे हात पोचला तशी शेरूने मान आखडली. पट्टा काढला, मशीनने केस कापले, तेव्हा शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं दिसली, तोंडं आताच मिटत आलेली. खांद्यावर आणखी एक.

मांजरीचा चावा याच कारणाने फसवा. तिच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू सहज असतात. ते खोल जातात, वरून कातडी बंद होते, आणि दोन ते पाच दिवसांनी तिथे पूचं गळू तयार होतं. म्हणून भोकं सापडल्यावर ती बुजू द्यायची नसतात. भरपूर सलाईनने आतून धुवायची आणि उघडी ठेवायची. घरी करायचं असेल तर औषधांच्या दुकानातली साध्या सलाईनची बाटली पुरते. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. डेटॉल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. मोठ्या जखमेवर टर्पेंटाइन ओतणारेही आहेत, ते तर अजिबात नको. जखम धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण केसांवर मांजरीची ओली लाळ असू शकते.

वेदनेसाठी घरातली गोळी देऊ नका, हे मी दर वेळी दोनदा सांगते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरते. दयेपोटी दुधात चुरून दिलेल्या गोळीने गेलेल्या मांजरी मी पाहिल्या आहेत.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी डोळ्याची. शेरू उजवा डोळा किंचित मिटून बघत होता आणि त्या बाजूचे केस ओले होते. घरच्यांना वाटलं, रडतोय. फ्लुरोसिन या रंगाची (बुबुळावरची जखम याने हिरवी चमकते) नारिंगी पट्टी ओली करून डोळ्यात लावली, दिवे घालवले आणि निळ्या उजेडात पाहिलं : बुबुळाच्या खालच्या कडेला साधारण तीन मिलिमीटरची हिरवी रेघ चमकत होती. नखाने पारदर्शक पडदा वरवर फाटला होता. नख आणखी आत गेलं असतं तर भिंगापर्यंत इजा पोचून डोळा जाऊ शकला असता. इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. बहुतेक घरांत आजी-आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब फ्रीजच्या दारात असतात. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइडचे थेंब पडले तर जखम भरत नाही, वाढते, भोकही पडू शकतं. डोळा मिटलेला, पाणी गळणारा कुत्रा असेल तर कुठलेही उरलेले थेंब न घालता त्याच दिवशी दाखवायचा. शेरूला प्रतिजैविक थेंब, वेदनेचं त्याच्या वजनाचं औषध आणि गळ्यात प्लास्टिकचा कोन दिला. कोन दोन तासांत काढून टाकतात लोक, ‘बिचारा जेवत नाही’ म्हणून. पंज्याने डोळा एकदा घासला की आठवडाभराचं भरलेलं उकलतं. जेवताना काढा, जेवण झालं की घाला.

रेबीजची लस त्याच दिवशी आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी दिली. आधी लस झालेल्या कुत्र्याचं शरीर बूस्टरला झटपट प्रतिसाद देतं, मुदत थोडी उलटलेली असली तरी. लस कधीच झालेली नसेल तर प्रकरण बरंच अवघड होतं. पूर्ण मालिका घ्यावी लागते आणि कुत्र्याला महिनोन्‌महिने डोळ्यांत तेल घालून सांभाळावं लागतं, कारण आजार कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनीही उफाळू शकतो.

मांजर

आता पोत्याचा प्रश्न. मांजर पिसाळलेली नव्हती असं मला का वाटलं? कारण ती शेडमध्ये, पिल्लांपाशी, समोरून तोंड घातल्यावर अंगावर आली आणि धोका टळताच पिल्लांकडे परतली. पिसाळलेली मांजर विनाकारण अंगावर येते, झोकांड्या खाते, लाळ गाळते, तिचा आवाज बदलतो, तिला गिळता येत नाही. पण ‘वाटणं’ हा पुरावा होत नाही. माणसाच्या लसीच्या बाबतीत तर चिथावणी होती की नव्हती याला आपल्या देशात महत्त्वच द्यायचं नसतं. लस ताबडतोब सुरू करायची. खात्री होते ती एकाच गोष्टीने : मांजर दहा दिवसांनी धडधाकट आहे का?

हे दहा दिवस हवेतून आलेले नाहीत. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूत जातो आणि मग तिथून लाळेत उतरतो. कुत्र्या-मांजरांमध्ये तो लाळेत येतो तो लक्षणं दिसण्याआधी फक्त थोडे दिवस. लक्षणं दिसल्यावर प्राणी काही दिवसांत मरतो. म्हणजे चावली त्या दिवशी तिच्या लाळेत विषाणू असता, तर दहाव्या दिवसापर्यंत ती आजारी तरी पडली असती किंवा मेली असती. दहा दिवसांनी ती खात-पीत असेल तर त्या चाव्यात रेबीज नव्हता. शेरूच्याही, सूनबाईंच्याही.

हे उत्तर फक्त ती मांजरच देऊ शकत होती. पोत्यात घालून अंबाझरीला सोडली असती तर तिच्यासोबत उत्तरही गेलं असतं, आणि शेरूकडे पुढचे अनेक महिने संशयाने बघावं लागलं असतं. शिवाय पोत्यात भरताना आणखी एक-दोघांना चावली असती. तिची पिल्लं उन्हात उपाशी मेली असती ते वेगळंच. आणि हे बेकायदेशीरही आहे : प्राण्यांना क्रूरपणे वागवणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विष घालून मारणं किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं.

एरवी भटक्या मांजरीवर दहा दिवस नजर ठेवणं कठीणच, ती आज इथे तर उद्या तिसऱ्या गल्लीत. इथे ती पिल्लांमुळे बांधलेली होती, हे कुटुंबाचं भाग्य. मी आजोबांना सांगितलं की कूलरवर चादर परत टाका, फट मोकळी ठेवा, शेडमध्ये दिवसाकाठी एकदाच जा, शेरूला मागचं दार बंद. शेडच्या तोंडाशी रोज एकाच वेळी, एकाच ताटलीत खाणं ठेवा : उकडलेलं अंडं, भातात कालवलेलं कोंबडीचं किंवा मासळीचं, आणि शेजारी पाणी. गाईचं दूध नको, पोट बिघडतं. पाजणारी मांजर एरवीच्या दुप्पट खाते, तेव्हा ती खाण्याला येणारच.

नातवाने तिचा फोटो काढला. दिसायला साधी गोष्ट, पण आमच्याकडे पट्टेरी मांजरी गल्लोगल्ली आहेत. दहाव्या दिवशी आलेली मांजर ‘तीच’ कशावरून? हिच्या डाव्या कानाच्या कडेला जुनी खाच होती आणि शेपटीचं टोक काळं. आजोबांनी जुन्या डायरीत रोज सकाळी एक ओळ लिहायला सुरुवात केली : आली, खाल्लं, पाणी प्यायली, चाल ठीक. निवृत्त माणसाचं अक्षर, प्रत्येक ओळीपुढे वेळ. ती डायरी नंतर सूनबाईंच्या डॉक्टरांनीही मागून पाहिली.

पाचव्या रात्री कूलर रिकामा झाला. मांजरीने पिल्लं एकेक करून उचलून नेली. डिवचलेली जागा मांजर बदलतेच. आजोबांचा सकाळी घाबरून फोन : “डॉक्टर, गेली नं जी थे! आता काय करायचं?” मी म्हटलं ताटली ठेवा. ती साडेसातला आली, खाल्लं आणि भिंतीवरून पलीकडे उतरली. पिल्लं शेजाऱ्यांच्या जिन्याखाली निघाली. पोत्याचा सल्ला देणारे शेजारी ते हेच. आजोबांनी त्यांना डायरी दाखवून दहा दिवसांचा हिशेब समजावला, तेव्हा त्यांनी जिन्यापुढे स्वतःच एक फळी आडवी लावून दिली, म्हणजे गल्लीतले कुत्रे आत जाऊ नयेत.

उलट प्रसंग असता, म्हणजे शेरूने मांजरीला तोंडात धरून झटकलं असतं, तर मी मांजरीला आधी बघितलं असतं. कुत्र्याच्या झटक्याने वर दोन भोकं आणि आत बरगड्या, फुफ्फुस, पोट चिरडलेलं असू शकतं. तोंड उघडं ठेवून श्वास, पांढऱ्या हिरड्या, मागचे पाय ओढणं, यांपैकी काहीही दिसलं तर जाड टॉवेल टाकून, झाकणाच्या खोक्यात घालून लगेच न्यायचं. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. हे महाविद्यालय १९५८ पासूनचं. भटकी मांजर तिथेही दाखवता येते.

पुढे काय झालं

चौथ्या दिवशी शेरू सुस्त होता, ताप १०३.४ (कुत्र्याचा १०२.५ पर्यंत नेहमीचाच). खांद्यावरचं भोक वरून मिटून आत लिंबाएवढं गळू धरलं होतं. थोडी भूल देऊन उघडलं, धुतलं, तीन दिवस निचरा होऊ दिला. मानेवरची दोन भोकं मात्र स्वच्छ भरली. उन्हाळ्यात अशा ओल्या जखमेवर माशी बसून एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून तो आठवडाभर जाळीच्या खोलीतच होता. डोळ्याची रेघ आठव्या दिवशी हिरवी चमकणं थांबलं. बुबुळावर फिकट ठिपका राहिला, नजर शाबूत आहे.

दहाव्या दिवशी मांजर ताटलीवर आली, तोच खाच असलेला कान. सूनबाईंच्या डॉक्टरांनी तरीही २८ व्या दिवसाचा डोस घ्यायला सांगितला. त्यांनी तो घेतला. पुढे कधी पुन्हा चावा झालाच तर सीरम लागणार नाही, दोन डोस पुरतील.

पिल्लं तीन होती. पाच आठवड्यांची झाल्यावर त्यांनी आईसोबत ताटलीत तोंड घालायला सुरुवात केली. मांजर पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत पुढची पिल्लं. म्हणून पिल्लं आठ आठवड्यांची होताच, दूध आटल्यावर, तिची नसबंदी केली. पिंजऱ्यात सुकट ठेवून संध्याकाळी पकडली, रोजच्या ताटलीच्या जागी, त्यामुळे एकाच प्रयत्नात आत आली. त्याच भुलीत रेबीजची लस दिली आणि ओळखीसाठी कानाचं टोक कापलं. दोन पिल्लांना घरं मिळाली. तिसरं शेजाऱ्यांच्या जिन्याखालीच आहे. ते तीन महिन्यांचं झालं की त्याची लस, मग नसबंदी, असं ठरलं आहे, आणि पिंजरा पुन्हा न्यायला शेजारी स्वतः येणार आहेत.